पाणी दिलेलं लोखंड

आर्णीत टेम्पोची कमानी दबली, की लोक जयाच्या दुकानात जातात. कमानी म्हणजे चाकावर भार झेलणारे, एकावर एक रचलेले पोलादी पट्टे. गिऱ्हाइकाने वाद घातला, तर जया त्याला चहा पाजते आणि पुन्हा तेच सांगते. माघार घेणं तिच्या स्वभावात नाही.

पूर्वी दुकानात शब्द चालायचा तो तिच्या बाबांचा, डोमाजींचा. पट्टा लाल तापवून तेलात बुडवायचा, याला ते पाणी देणं म्हणत. पाणी जितकं कडक, तितकी कमानी कमी दबते, हा त्यांचा ठाम समज.

मग कापूस वाहणारे शंकरसिंग आले. डोमाजींनी पट्ट्यांना दोनदा पाणी दिलं, तरी कापूस भरला की टेम्पो तेवढाच दबायचा. तिसऱ्यांदा इतकं कडक पाणी दिलं, की भर रस्त्यात पट्टाच तुटला.

"डोमाजीभाऊ, हात गेला तुमचा," शंकरसिंग तोंडावर म्हणाले. म्हातारा पार खचला.

जया पुढे आली. "बाबांचा हात चांगलाच हाय. पाण्यानं दबणं कमी होतच नाही."

"उभा जन्म गेला माह्या भट्टीपुढं," डोमाजी कडाडले, "अन् तू मले शिकवून राह्यली?"

जयाने एका मापाचे दोन पट्टे शिकंज्यात आडवे आवळले. एक पाणी दिलेला, एक बिनपाण्याचा. दोन्हींच्या मोकळ्या टोकांना सरकीचं सारख्याच वजनाचं पोतं टांगलं. दोन्ही पट्टे दोनच बोटं लवले.

"लोखंडाचे कण एकमेकांले किती घट्ट धरून हायेत, त्यावर हे लवणं. पाण्यानं ते धरणं बदलत नाही. कमी लवायले पाहिजे, तं पट्टा जाड टाका, नाही तं एक वाढवा."

"मंग पाणी कायले देतो म्या?" डोमाजींनी विचारलं.

जयाने पोती उतरवली आणि शंकरसिंगांना एकेका पट्ट्याला लोंबकळायला लावलं. अंगाने ते पोत्याहून कितीतरी भारी होते. ते उतरल्यावर बिनपाण्याचा पट्टा वाकलेलाच राहिला. पाणी दिलेला मात्र सरळ झाला.

"यासाठी, बाबा."

डोमाजींनी त्या सरळ पट्ट्यावरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

"मंग डोमाजीभाऊ, किती पट्टे वाढवता?" शंकरसिंगांनी विचारलं.

"मले कायले विचारता?" डोमाजी म्हणाले. "मिस्तरी ते उभी हाय."