ड्रॉइंगच्या बाईंचं गोल जहाज

ड्रॉइंगच्या बाई आधी नाक मुरडायच्या आणि मग नमस्कार घ्यायच्या. समोरच्याच्या नखांतला मळ, वहीचं तेलकट कव्हर, शर्टावरचा वरणाचा डाग, काही ना काही त्यांच्या डोळ्यांत खुपायचंच. त्यांची 'शी' शाळाभर प्रसिद्ध होती. आखूड 'शी' म्हणजे रंग पाणचट झालाय, पुन्हा दे. लांबलेली 'शी' म्हणजे कागद फाडून टाक. नुसतेच डोळे मिटून घेतले, तर घरी निरोप जाणार हे नक्की. मी त्यांचा विद्यार्थी. आता नागभीडच्या बाजारात टीव्ही-मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. बायको म्हणते, तुम्हाला अर्ध्या जगाची किळस येते. येते. ती बाईंकडून आली आहे आणि मी ती सोडणार नाही.

खर्‍यावर त्यांचा विशेष दात होता. आमच्याकडे चौकाचौकांत बसून माणसं प्लास्टिकच्या पन्नीत सुपारी-तंबाखू घोटतात, गाल फुगवतात आणि पन्नी जिथे उभे असतील तिथे टाकतात. एकदा एक पालक गाल भरून वर्गात आला. बाई म्हणाल्या, "तोंड रिकामं करून या, मंग पोराचं बोलू." तो बाहेर जाऊन शाळेच्या भिंतीवरच थुंकला. बाईंनी त्याच्या हातात बादली दिली, आणि सगळा वर्ग खिडकीतून बघत असताना त्या माणसानं भिंत धुतली. पोराचं बोलणं राहूनच गेलं.

कुणाच्याही घरी गेल्या तरी पाणी स्वतःच्या पेल्यात प्यायच्या. पिशवीत स्टीलचा पेला कायम. लोक याला शिष्टपणा म्हणायचे. मीही एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "माह्या बापाले या गावात वेगळा कप होता, गोठ्याच्या खुंटीले टांगलेला. पेऊन झालं का त्यानंच धुवाचा. आता माहा कप माह्यापाशी राह्यते, अन् त्याले कोणी हात लावाचा नाई." एवढं बोलून त्यांनी पेला पदरानं पुसला आणि पिशवीत ठेवला.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्या गावच्या तलावाजवळच्या घरात एकट्याच राहायच्या. यजमान लवकर गेलेले, मुलगा पुण्याला. एक दिवस दुकानात आल्या, माझ्या काउंटरवरची धूळ रुमालानं झटकली आणि शाळेच्या रद्दीतून वाचवलेलं एक पान पसरलं. रशियातली जुनी युद्धनौका होती, थेट ताटासारखी गोल. मधोमध दोन तोफा, त्यांच्या मागे शेजारी शेजारी दोन धुराडी. खाली लिहिलं होतं की हे जगातलं सगळ्यांत निरुपयोगी जहाज, तोफ डागली की जागच्या जागी गरगर फिरायचं. बाईंना ते जहाज मापात बनवायचं होतं, पाव इंचाला एक फूट या हिशेबानं, आणि रिमोटवर चालवायचं होतं.

मी म्हटलं, बाई, एखादं चांगलं लांबट जहाज घ्या की. हे दिसायलाही कसंतरीच आहे. बाईंनी आखूड 'शी' केली.

"लांबट जहाज कोणीबी बनवते. याले सारे हासले. लोकाइनं एकदा हासाचं ठरवलं का मंग कोणी पाहत नाई. मले पाहाचं हाय, हे सरळ जाते का नाई."

त्यांच्या एका डोळ्याची नजर काचबिंदूनं गेली होती आणि दुसरा त्याच वाटेवर होता. तो जाण्याआधी हे जहाज तलावाच्या पायर्‍यांपासून समोरच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, सरळ गेलेलं त्यांना बघायचं होतं. मुलगा फोनवर म्हणायचा, आई, पुण्याला ये, हे काय वेड. त्या म्हणायच्या, येतो, जहाज झालं का येतो.

पहिलं जहाज फसलं आणि ते जसं फसलं, तसं फक्त आमच्याकडेच फसू शकलं असतं. आकार गोल, म्हणून बाईंनी बुरडाच्या घरून बांबूचं उथळ टोपलं विणून आणलं. आमच्या आयाबाया टोपल्याला कागदाचा लगदा आणि भिजवलेली मेथी वाटून लिंपतात, म्हणजे पिठाचा कणही गळत नाही. बाईंनी जहाजालाही तोच लेप दिला. वर व्हार्निशचे हात मारले. पीठ गळत नाही म्हणजे पाणीही शिरणार नाही, असा त्यांचा आणि खरं सांगायचं तर माझाही समज. अंगणातल्या टाकीत ते झोकात तरंगलं. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी लगदा पावासारखा फुगला होता आणि मेथी आंबून जो वास सुटला होता, तो दोन दिवस अंगणातून हलला नाही. आम्ही ते उन्हात वाळत घातलं, तर मेथीच्या मोहानं उंदरांनी अख्खा डेक कुरतडून खाल्ला. दोन्ही धुराडी तेवढी शिल्लक. बाई ते भगदाड बघून म्हणाल्या, उंदरांनासुद्धा चव नाही.

दुसर्‍या खेपेला टोपल्यावर फायबरचं कापड आणि रेझिन चढवलं. मोटारी मी बसवल्या, एक डाव्या अंगाला, एक उजव्या, प्रत्येकीला पितळी पंखा. गोल जहाजाला सुकाणू फारसं उपयोगी पडत नाही. दोन्ही पंखे सारखे फिरले तर ते सरळ जातं, एक अडकला तर जागेवर गरगरतं, एवढं साधं त्याचं गणित. माझं सोल्डरिंग बघून बाई तीनदा 'शी' म्हणाल्या आणि मी तीनदा ते उसकटलं. दुकानात गिर्‍हाईक खोळंबलेलं असायचं. मनात त्यांना शिव्या घालायचो आणि संध्याकाळी पुन्हा त्यांच्याच घरी जायचो. असं नीट काम माझ्याकडून दुसर्‍या कुणी कधी मागितलंच नव्हतं.

आता तलाव. मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला, एके काळी गाव त्याचंच पाणी प्यायचं. मी त्याच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. अर्ध्यावर जलपर्णी, उरलेल्या अर्ध्यात कोंबडीची पिसं, विसर्जनातल्या देवीचा केसांचा टोप, प्लास्टरचे हात, निर्माल्याची गाठोडी आणि काठाला खर्‍याच्या पन्न्यांचा थर. जहाज न्यायला मोकळं पाणीच नव्हतं. तेवढ्यात गावातल्या एका पुढार्‍यानं तलाव स्वच्छतेचा कार्यक्रम काढला. जलपर्णी काढून पायर्‍यांपासून पाळीपर्यंत एक पट्टा मोकळा करणार होते. बाईंचं जहाज शेवटी सोडायचं, म्हणजे फोटो चांगले येतील, अशी त्याची कल्पना. डेकवर त्याचा फोटो चिकटवायला बाईंनी साफ नकार दिला, पण पट्ट्यासाठी कार्यक्रमाला हो म्हणाल्या. दुसरा उपाय नव्हता.

त्या दिवशी पायर्‍या धुतल्या होत्या, फोटोत येतील तेवढ्याच. भाषणं झाली, समोसे वाटले गेले आणि समोशांच्या प्लेटा स्वच्छ केलेल्या तलावात गेल्या. ते बघून मी हातातला समोसा तसाच कागदात गुंडाळला. बाईंनी पाठ फिरवून घेतली होती. मग त्यांनी जहाज पाण्यावर ठेवलं आणि रिमोट हातात घेतला. राखाडी रंगाचं ते बुटकं, गोल जहाज निघालं आणि चांगलं सरळ निघालं. पंधरा-वीस हात गेलं असेल, तोच एक झटका बसला आणि ते जागच्या जागी फिरायला लागलं. गर्दीत हशा पिकला. सगळ्यांचे मोबाइल वर. कुणी ओरडलं, बाईची परात फिरून राह्यली. हसून हसून गर्दी नाश्त्याकडे वळली. बघण्यासारखं होतं ते त्यांच्या दृष्टीनं संपलं होतं.

बाईंनी रिमोट माझ्याकडे दिला, चपला काढल्या आणि त्या पाण्यात उतरल्या. दाराच्या कडीलाही रुमालाशिवाय हात न लावणारी ती बाई कमरेपर्यंत त्या घाणीत चालत गेली. मी नको नको म्हणत राहिलो. त्यांनी जहाज उलटं केलं, उजव्या पंख्याला पीळ बसलेली खर्‍याची पन्नी नखांनी सोडवून काढली आणि काठाकडे वळून ती वर धरली. बघायला मी एकटाच होतो.

"जहाज फिरत नोयतं," त्या म्हणाल्या. "याइची घाण त्याले फिरवून राह्यली होती. चालव आता. रिमोटच्या दोन्ही कांड्या सारख्या ठेव."

मी चालवलं. जहाज बाईंच्या जवळून निघालं आणि पाळीच्या दिशेनं जात राहिलं, सावकाश, दोन्ही तोफा नाकासमोर. मध्येच त्या म्हणाल्या, डावीकडं ओढून राह्यलं, सांभाळ. मला तो कल दिसलाही नव्हता, त्यांना दिसला. पाळीच्या दगडाला जहाज टेकलं तेव्हा त्या तशाच पाण्यात उभ्या होत्या, साडीला पिसं चिकटलेली, आणि हसत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना दात दिसेपर्यंत हसताना मी पाहिलं नव्हतं. माझे दोन्ही हात रिमोटवर होते. फोटो कोण काढणार?

फिरत्या जहाजाचा व्हिडिओ मात्र रात्रीपर्यंत वरोर्‍यापासून सिरोंच्यापर्यंत पोचला. खाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहर्‍यांची रांग. मी काही जणांना सांगत बसलो की ते नंतर सरळ गेलं. त्यांनीही तेच चेहरे पाठवले. बाईंनी स्वतः कुणालाच काही सांगितलं नाही, फक्त मुलाला फोन केला. पुण्याला जायची बॅग भरली होती, पण हिवाळ्यात एका सकाळी चहा ठेवता ठेवताच त्या गेल्या.

शाळेत शोकसभा झाली. बाईंचा हसरा फोटो कुणाकडे नव्हता, म्हणून आठवण म्हणून पडद्यावर तोच व्हिडिओ लावला. लोक प्रेमानं हसले, हे त्यातलं सगळ्यांत वाईट. मी उठून बाहेर आलो. मागोमाग त्यांचा मुलगा आला आणि त्यानं माझा हात हातात घेतला.

"आईनं फोनवर सांगितलं होतं, जहाज सरळ गेलं म्हणून. किती खूश होती. तिला तर शेवटी काही दिसत नव्हतं. तुम्ही तिचं मन राखलंत, दादा. थँक यू."

मी म्हटलं, ते खरंच सरळ गेलं. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि माझा हात थोपटला. त्या थोपटण्याची मला जेवढी शिसारी आली, तेवढी त्या तलावाचीही कधी आली नाही. पण त्या पोराचा तरी काय दोष. ते जहाज सरळ जाताना पाहिलेली आम्ही दोनच माणसं होतो आणि त्यांतला आता मी एकटा उरलोय.