मेंदूतल्या मूळपेशी आणि आई

आईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. तिचा डावा हात आणि जीभ, दोन्ही जड झाली. जीभ लवकर सुटली. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईला गप्प बसणं जमणारच नव्हतं. हात मात्र मागे राहिला.

संध्याकाळी मी प्रयोगशाळेतून खडकीला घरी परतले की आई स्वयंपाकघरात डाव्या हाताने मटार सोलत बसलेली असायची. बोटांना काम द्या, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं. एकेक शेंग फोडायला तिला बराच वेळ लागायचा, पण मदत केलेली खपायची नाही. मान वर न करता ती विचारायची, "आज काय दिसलं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय काय नाही, ते सांग."

मग मी सांगायचे. मी उंदराच्या मेंदूतल्या मूळपेशी शोधत होते. या पेशी स्वतःसारख्या आणखी पेशी तयार करतात आणि मेंदूच्या नव्या पेशीही. पण नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यांच्या आत नेस्टिन नावाचं एक प्रथिन असतं, तीच त्यांची खूण. ती खूण शोधायला आम्ही अँटिबॉडी वापरायचो. एकाच पेशीच्या वंशातून वाढवलेली, म्हणून तिचा प्रत्येक रेणू अगदी सारखा आणि नेस्टिनच्या एकाच ठरलेल्या जागी चिकटणारा. ही मोनोक्लोनल अँटिबॉडी. ती स्वतः दिसत नाही. म्हणून वरून दुसरी अँटिबॉडी घालायची, पहिलीला पकडणारी. तिच्यावर चमकणारा हिरवा रंग बसवलेला असतो.

"म्हणजे चोराला ओळखणारा एक आणि त्या ओळखणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवणारा दुसरा," आई म्हणाली. "आणि दिवा दुसऱ्याच्या हातात."

"साधारण तसंच."

एका दुपारी अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळे लावले आणि हिरवंच हिरवं दिसलं. मेंदूच्या आत पाण्याने भरलेली एक पोकळी असते. तिच्या भिंतीलगत हिरवं होतंच, पण दूरवरही होतं, रेघांमध्ये, छोट्या छोट्या वर्तुळांमध्ये. पुस्तकात लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त मूळपेशी! मी धावत जाऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी शांतपणे मेंदूचा पातळ काप असलेली ती काच काढली आणि शेजारची लावली. तिच्यावर मी मुद्दाम पहिली अँटिबॉडी न घालता फक्त दुसरी घातली होती. ती काच काळी दिसायला हवी होती.

ती काळी नव्हती. भिंतीलगतचं हिरवं गेलं होतं, पण रेघा आणि वर्तुळं तशीच चमकत होती.

"अभिनंदन," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला पहिल्या अँटिबॉडीची गरजच उरलेली नाही." आणि चहाला निघून गेल्या.

मला वाईट वाटायला हवं होतं, पण तेवढी सवडच मिळाली नाही. ती वर्तुळं काय असतील, हेच डोक्यात फिरत राहिलं. कचरा असता तर कसाही विखुरला असता. या आकृत्या मात्र नेटक्या होत्या. मी दोन्ही काचांचे फोटो शेजारी ठेवून बघत बसले. नळी आडवी कापली की वर्तुळ दिसतं, उभी कापली की रेघ. रक्तवाहिन्या! रक्तात उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडी असतात. आमची पहिली अँटिबॉडीही उंदराच्याच पेशींतून काढलेली. दुसरीला शिकवलेलं एवढंच की उंदराची अँटिबॉडी दिसली की पकड. कोणती आपण घातलेली आणि कोणती उंदराच्या घरची, हे तिला कसं कळणार?

उपाय नवा नव्हता, इतरांनी तो आधीच करून ठेवलेला होता. रंग नसलेल्या अँटिबॉडीचे तुकडे घालून घरच्या अँटिबॉडी आधी झाकून टाकायच्या आणि मग आपलं काम सुरू करायचं. दोनतीन खेपा फसल्या. नंतर एकदा शेजारची काच खरोखर काळी आली आणि पहिल्या काचेवर पोकळीच्या भिंतीलगत हिरव्या पेशींची एक बारीक ओळ तेवढी उरली. पेशींना लांब, नाजूक शेपट्या होत्या. आधीपेक्षा कितीतरी कमी पेशी, पण मी त्यांच्यावरून नजर हलवू शकत नव्हते.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "मला बघायचंय."

मॅडमनी परवानगी दिली. रिक्षातून उतरताना आईने माझा हात धरला नाही. अंधाऱ्या खोलीत मॅडम स्वतः उठून उभ्या राहिल्या. "या, बसा. खुर्ची जरा वर घेऊ का आपली?"

आईने चष्मा काढला आणि उजव्या हाताने चाक फिरवून तिला हवं तसं स्पष्ट करून घेतलं.

"या खरंच हिरव्या असतात?"

"नाही. रंग आपण दिलाय."

"बरं." मग सूक्ष्मदर्शकावरून डोळे न हटवताच तिने विचारलं, "माझ्या डोक्यात आहेत का त्या?"

हा प्रश्न एक दिवस येणार, हे मला माहीत होतं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

"मोठ्या माणसांत असतात की नाही, यावर अजून भांडण चालू आहे," मी म्हणाले. "काहींना थोड्या सापडल्या, काहींना जवळजवळ नाहीतच असं वाटतं."

"तुला काय वाटतं?"

"मी अजून बघितलं नाही."

"मग बघ की," आई म्हणाली आणि चष्मा घातला.

ते बघायला बराच काळ गेला. एका रुग्णालयात शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मेंदूच्या भागाचे तुकडे, रुग्णांच्या संमतीने आणि समितीच्या मंजुरीने, आम्हाला मिळाले. माणसाचं नेस्टिन ओळखणारी वेगळी अँटिबॉडी मागवली. पहिल्याच काचेवर पुन्हा वर्तुळं दिसली. मी घाईने शेजारची काच लावली. ती काळी होती. म्हणजे यावेळी हे नेस्टिन खरंच होतं, फक्त रक्तवाहिन्यांच्या भिंतीत होतं. खूण खरी, पण ती बाळगणाऱ्या पेशी मूळपेशी नव्हत्या. म्हणून मूळपेशींची आणखी एक खूण लाल रंगात शोधली. ज्या पेशीत दोन्ही रंग दिसतील आणि जी रक्तवाहिनीत नसेल, तिचाच विचार करायचा ठरलं. अशा मोजक्याच मिळाल्या आणि त्या मेंदूतल्या साध्या आधारपेशीही असू शकत होत्या. मी प्रबंधात 'मूळपेशी सापडल्या' असं लिहिलं. मॅडमनी ते खोडून 'दोन्ही खुणा असलेल्या पेशी दिसल्या' असं केलं.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे नाहीत?"

"म्हणजे ठाम सांगता येत नाही."

ती थोडी हिरमुसली, मी पाहिलं ते. मग तिने डावा पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "हा मग कशाने हलतोय?"

"उरलेल्या पेशी नवं काम शिकतात म्हणून, असं डॉक्टर म्हणतात."

"शिकतात होय?" तिला ते आवडलेलं दिसलं. "कसं शिकतात?"

तेही मला पूर्ण सांगता आलं नाही, पण त्या रात्री जेवण होईपर्यंत आम्ही त्याच विषयावर बोलत होतो. पुढच्या आठवड्यात शेजारच्या काकू तिला जिन्यात भेटल्या. मी पिशव्या घेऊन मागे होते.

"तुमची मुलगी करते काय हो नक्की?"

"मेंदूत काहीतरी शोधते," आई म्हणाली. "अजून सापडलेलं नाही."

"आणि तरी ठेवलंय तिला तिथे?"

"म्हणूनच ठेवलंय," आई म्हणाली आणि डाव्या हाताने कठडा धरून पुढची पायरी चढली.