विधाते सरांचे शंभर मीटर

"मॅडम, हे अक्षर तुमचंच ना?"

चेअरमनसाहेबांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. अक्षर माझंच होतं. इतकं सुंदर, की नाकारायची सोय नव्हती.

"शंभर मीटर, पंधरा पॉइंट एक. ही आपली सगळ्यात फास्ट मुलगी?"

"हो सर. केतकी. नववी ब."

"आणि हे बघा. काल लग्नात त्या दुसऱ्या शाळेचे ट्रस्टी भेटले. त्यांची मुलगी चौदा पॉइंट चार! पंगतीत, सगळ्यांसमोर सांगितलं त्यांनी मला. जिलेबी कडू लागली हो."

पॉइंट सात सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही. पण शंभर मीटरच्या शर्यतीत तेवढ्यात चार-पाच मीटरचं अंतर पडतं. म्हणजे समोरची मुलगी फीत तोडून मागे वळून बघेल, तेव्हा आमची अजून धापा टाकत येत असेल.

गंगापूर रोडवरच्या एका खाजगी इंग्लिश मीडियम शाळेत मी दोन नंबरची स्पोर्ट्स टीचर होते. एक नंबरचे विधाते सर. मखमलाबादचे. घरी मळा. कोथिंबीर, मेथी, पालक. पहाटे भाजीची गाडी भरून द्यायची आणि तसंच एम-एटी स्कूटरवरून ग्राउंडवर यायचं, हा त्यांचा शिरस्ता. मी पोचायच्या आत फक्की मारून, म्हणजे पांढऱ्या पावडरच्या रेघा आखून, ट्रॅक तयार असायचा. स्टॉपवॉच आणि रजिस्टर माझ्याकडे. अकरा वर्षांत त्या रजिस्टरात मी एक खाडाखोड केली नव्हती. फार मिरवायचे मी त्या रजिस्टरावरून.

"पण सर, तालुक्याला आपणच जिंकतो," मी म्हटलं. तालुक्याच्या स्पर्धेत नुसते नंबर लावतात. वेळ कोणी लिहीत नाही.

"समोर कोणी नसेल तर मीसुद्धा पहिला येईन."

मी साहेबांच्या पोटाकडे बघितलं आणि गप्प बसले. मला हे सहसा जमत नाही.

निर्णय झालाच होता. साहेब बिल्डर. भिंत आवडली नाही की पाडायची, हा त्यांचा खाक्या. सोमवारपासून पुण्याचे नवे कोच येणार, विधाते सरांना बस ड्यूटी. जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आली होती.

सरांना सांगताना मला रडूच फुटलं. सरांनी विचारलं, "तुम्ही खोटं लिवलं का?"

"नाही."

"मग रडता कशाला? बसकडं पण कोणीतरी बघाया पाहिजे."

सोमवारी गेटवर जाऊन बघते तर सर गळ्यात शिट्टी अडकवून उभे. पोरांच्या रांगा लेनप्रमाणे लावलेल्या. "बस नंबर चार, ऑन युवर मार्क!" आणि शिट्टी वाजली की चाळीस पोरं सुसाट बसमध्ये. ड्रायव्हर म्हणाले, इतक्या वेळेवर गाड्या आयुष्यात निघाल्या नव्हत्या. आणि पहाटे ग्राउंडवर फक्की अजूनही सरच मारून जायचे.

शाळेत मात्र रण पेटलं. पालकांचे दोन अर्ज फिरायला लागले. एक, 'नवा कोच हवाच'. दुसरा, 'विधाते सरांना परत आणा'. पहिल्या अर्जावर सगळ्यात वर केतकीच्या बाबांची सही, दुसऱ्यावर सगळ्यात वर केतकीच्या आईची. पालक सभेला दोघं इंदिरानगरहून एकाच स्कूटरवर आले आणि वेगवेगळ्या रांगांत बसले. बाबा सायंटिफिक ट्रेनिंगवर बोलले. आई उठली आणि म्हणाली, "यांनी स्वतः शेवटचं कधी पळून दाखवलंय ते विचारा." त्या आठवड्यात केतकीच्या घरी रोज खिचडी होती. हे केतकीनेच सांगितलं.

नवे कौशिक सर सोमवारीच आले होते. तरुण, निळा ट्रॅकसूट, रंगीत कोन, वॉर्मअपला टेपरेकॉर्डर. डाएट चार्ट लावला, त्यात प्रॅक्टिसआधी मिसळ बंद. नाशकात! तरी मुलींना ते आवडले. खरं सांगायचं तर मलाही. माणूस मेहनती होता आणि मनाने साफ.

तीन आठवडे झाले. केतकी पंधरा पॉइंट एक. पंधरा. पंधरा पॉइंट दोन.

कौशिक सरांनी स्टॉपवॉच बदललं. मग मुलींचे बूट बदलायला लावले. मग माझ्यावर आले. "मॅडम, तुम्ही बटण उशिरा दाबता का?"

माझी सटकलीच. "अकरा वर्षं दाबतेय! घ्या, तुम्हीच दाबा."

त्यांनी दाबलं. पंधरा पॉइंट एक.

ते डोकं धरून बसले. "मॅडम, ही मुलगी डोळ्याला फास्ट दिसते आणि घड्याळात स्लो. असं होत नाही. घड्याळ झालं, बूट झाले, तुम्ही झालात. आता राहिलं काय?"

आम्ही दोघांनी एकदमच खाली बघितलं.

शेजारीच साहेबांची बिल्डिंग उठत होती. तिथल्या सुपरवायझरकडून पन्नास मीटरची स्टीलची टेप आणली. एकदा पन्नास. दुसऱ्यांदा पन्नास. आणि फिनिशची रेघ अजून पुढेच! परत मोजलं. विधाते सरांच्या शंभर मीटरला टेप एकशे सहा दाखवत होती.

"सहा मीटर!" कौशिक सर मातीतच बसले आणि खो-खो हसायला लागले. मी तळहातावर हिशोब केला. एकशे सहाला पंधरा पॉइंट एक, तर शंभरला साधारण चौदा पॉइंट दोन. त्या दुसऱ्या शाळेच्या मुलीच्या पुढे! मी टेप गळ्यात घालून नाचले. हो, चाळिशीत, ग्राउंडच्या मधोमध. आठवीचा वर्ग खिडकीतून बघत होता, बघू दे.

आणि नाचत नाचतच जाऊन साहेबांना सांगितलं. माझ्या डोक्यात सर परत येणार. साहेबांच्या डोक्यात भलतंच.

"ज्या माणसाला शंभर मोजता येत नाहीत, तो अकरा वर्षं माझ्या शाळेत कोच होता? उद्या बोलवा त्याला. पटेल असं उत्तर नसेल तर बस ड्यूटी पण नको, घरीच बसा म्हणावं."

झालं! आधी रजिस्टरने मारलं, आता टेपने. सरांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं उरली होती. ज्या माणसाचं भलं करायला गेले त्याचीच नोकरी घालवायला निघाले होते मी.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये साहेब, प्रिन्सिपल मॅडम, कौशिक सर, मी आणि पालकांचे प्रतिनिधी म्हणून केतकीचे आईबाबा. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी. विधाते सर आले आणि त्या खुर्चीवर बसले. गळ्यात शिट्टी होतीच.

"ट्रॅक कसा मोजला?" साहेबांनी विचारलं.

"मीटरची काठी हाय माझी. पालटत जायचं."

"शंभर वेळा?"

"शंभर. आन् वरची सहा."

"वरची सहा म्हणजे?"

"आमच्या मळ्यात शेकडा असाच मोजत्यात, साहेब. कोथिंबिरीच्या शंभर जुड्या दिल्या की वर सहा टाकायच्या. वाटंत काही सुकत्यात, काही चेंगरत्यात. घेणाऱ्याकडं शंभर पोचल्या पाहिजेत ना."

"अहो, इथे कोथिंबिरीचा काय संबंध?"

"पोरी पण वाटंत सुकत्यात, साहेब. हितं वाघिणी. जिल्ह्याच्या ग्राउंडावर लोकं बघितली की सहा मीटरचा दम तिथंच जातो. मग शंभर पोचायला नकोत?"

प्रिन्सिपल मॅडमनी फाइल तोंडापुढे धरली, फाइल हलत होती. केतकीच्या आईने चक्क टाळी वाजवली. साहेब लाल झाले. आता हे गरजणार, तेवढ्यात कौशिक सर उभे राहिले.

"सर, बोलून काय उपयोग? टेप आहे, मुलगी आहे. खरे शंभर एकदा पळवून बघूया."

त्या माणसाला गप्प बसणं सोयीचं होतं. तो बसला नाही. याबद्दल मी त्याला जन्मभर मानेन.

भर दुपारी नवी रेघ मारली. अख्खी शाळा खिडक्यांत. फीत सापडेना म्हणून प्रिन्सिपल मॅडमच्या विणकामाच्या पिशवीतली लोकर आणली. एक टोक मॅडमनी धरलं, दुसरं साहेबांनी बोटाला गुंडाळलं. दुसऱ्या हातात त्यांचा नवा मोबाइल. तेव्हा नाशकात मोबाइल मोजकेच होते, साहेब तो खाली ठेवत नसत.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. फीत दिसली की मुलं आपोआप सैल पडतात. पोचलो, असं वाटतं त्यांना. "फितीच्या पुढे पळा" असं ओरडून कोचचे घसे बसतात आणि तरी शेवटच्या दोन पावलांत शर्यती हातच्या जातात.

केतकी सुटली. आणि तिच्या पायांना सवय कुठली? सहा मीटर पुढच्या रेघेची! ती लोकरीला आली तेव्हा पूर्ण जोरात होती. लोकर तोडायच्या ऐवजी घेऊनच गेली. मॅडमनी टोक सोडलं. साहेबांच्या बोटाला गाठ बसली होती. ते गर्रकन फिरले, दोन पावलं पळाले, मोबाइल हवेत, तो कौशिक सरांनी झेलला. खिडक्यांतून जो आरडाओरडा झाला तो मखमलाबादला ऐकू गेला असेल.

केतकी सहा मीटर पुढे जाऊन थांबली. गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, संपली पण?"

दोन घड्याळं. दोन्हीवर चौदा पॉइंट दोन.

"परत पळवा," साहेब लोकर सोडवत म्हणाले. थोड्या वेळाने परत पळवली. चौदा पॉइंट दोन.

केतकीचे बाबा म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगत होतो, सर ग्रेट आहेत." आईने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी पुढचं वाक्य गिळलं. पण जाताना स्कूटरवर ती त्यांच्या खांद्याला धरून बसली होती.

साहेबांनी शब्दाने माफी मागितली नाही. "विधाते, उद्यापासून ग्राउंडवर या," एवढंच म्हणाले. सरांनी विचारलं, "आन् कौशिक सर?" कौशिक सर राहिले. मुलींचा स्टार्ट ते घ्यायचे, बाकी विधाते सर. तक्रार आली ती फक्त बस नंबर चारच्या पोरांची. त्यांना सर परत हवे होते.

जिल्ह्याला केतकी पहिली आली. त्या दुसऱ्या शाळेची मुलगी तिच्या बरोबरीने होती, अगदी फितीपर्यंत. तिथे ती सैल पडली. आमची सहा मीटर पुढे जाऊन पंचांच्या टेबलावर आदळली.

परतीच्या बसमध्ये मुली बेसूर गात होत्या. मी सरांच्या शेजारी बसले आणि हळूच विचारलं, "सर, आता खरं सांगा. ते सहा मीटर मुद्दाम होते, की चुकून?"

सर हसले. "सुकायचं बोललो ते खरंच हाय. पण ते मला लय उशिरा समजलं. पहिल्या वर्षी हाताच्या सवयीनं झालं. फक्की मारल्यावर ध्यानात आलं. पुसणारच होतो."

"मग?"

"तेवढ्यात तुम्ही आलात आन् रजिस्टरात लिवाया बसलात. इतकं सुंदर अक्षर. खोडा म्हणायला जीव धजंना."

यातून मी दोन गोष्टी शिकले. कोच बदलायच्या आधी टेप आणावी. आणि अक्षर जरा वाईट काढावं.