मोहरीच्या उशीवरचे ठसे

आरव, ईशा — रविवारी तुमची आतेबहीण मीरा एक वर्षाची होतेय. व्हिडिओ कॉलवर तुमचा काका ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून आधी माझ्याकडून वाचा. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही... फारसा नाही.

वैशूआत्या बाळंतपणाला इथे कुळगावला आली होती. मीरा दोन महिन्यांची झाली तेव्हा तिचं डोकं जरा जास्तच वाढतंय, असं डॉक्टरांना वाटलं. आत पाणी साचलं असेल तर ऑपरेशन करून नळी घालायची. ते एमआरआयवर ठरणार होतं. छातीत कफ, म्हणून भूल देता येईना. झोपेतच स्कॅन काढायचा, आणि डोकं हललं की चित्र पुसट.

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या सेंटरवर ते दोनदा हललं.

"आंटी, अब लास्ट ट्राय," सिंधी ऑपरेटर म्हणाला. "नाहीतर पुढची तारीख घ्या." वैशू रडायलाच लागली.

मी पिशवीतून मोहरीची उशी काढली. डोकं गोल व्हावं म्हणून आपल्याकडे तान्ह्या बाळाला देतात, तीच. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे तुमच्या पणजींनी, वैशूसाठी शिवलेली.

"ये क्या, राई? तडका देणार का आंटी?"

"चेन नाही, टाचणी नाही, धातूचं काहीच नाही. चालेल ना?"

त्याने चाचपून पाहिली आणि डोक्याभोवती बसवली. वैशूने पाजलं, मी दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कान झाकले आणि मीराच्या पायांवर हात ठेवून उभी राहिले.

मशीन ठोकायला लागलं. मीरा कुरकुरली, मान वळायला लागली... आणि उशी दोन्ही बाजूंनी हळूच दबली. कुणी ओंजळीत डोकं धरावं तशी. मीरा शेवटपर्यंत हलली नाही.

"डोकं मस्त पकडलंत, आंटी," ऑपरेटर बाहेरून येत म्हणाला.

"माझे हात पायांवर होते."

मोहरीत दोन पंजे उमटले होते. डावी करंगळी अर्धीच.

"आई," वैशू हळूच म्हणाली, "ही आजीची करंगळी." अंबरनाथ एमआयडीसीत प्रेस मशीनवर सासूबाईंचं ते बोट अर्धं तुटलं होतं. त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरली. "पाणीबिणी काही नाही. डोकंच मोठं आहे. कुणावर गेलीय?"

"आजोबांवर," वैशू म्हणाली, आणि आम्ही तिघंही मोठ्याने हसलो. ऑपरेशन टळलं! येताना सगळ्या आळीला पेढे वाटले.

मोहरी दबते, असं ऑपरेटर म्हणतो. दबते, मान्य. पण करंगळी अर्धी ठेवून?

घरी पोचेपर्यंत मोहरी हलली, ठसे गेले. फोटो काढायचं कुणालाच सुचलं नाही. फिल्म्स मात्र माझ्या कपाटात आहेत. एकही पुसट नाही.