व्हिसाच्या खिडकीत माझं गाणं

डहाणू-तलासरीकरांनो, आज नात सुनीताच्या व्हिसाच्या मुलाखतीसाठी मुंबईला जाऊन आले. तिचा नवरा जर्मनीत नर्सचं काम करतो. लग्नाला वर्ष झालं, दोघं फोनवरच संसार करतायत. व्हिसाला नाही म्हणाले तर आणखी किती दिवस तसंच, कोण जाणे.

फोन आत नेऊ देत नाहीत. म्हणून तिचा फोन धरून मी बाहेर फुटपाथवर. आत काय विचारत असतील, हाच किडा डोक्यात.

दोन तासांनी बाहेर आली. म्हणाली, "आजी, साहेबाने लग्नाचे फोटो बघून विचारलं, यात भटजी कुठे आहे?"

"मग?"

"तुझ्यावर बोट ठेवलं. म्हटलं, आमच्या आदिवासींत लग्न बाई गाणी गाऊन लावते, तिला धवलेरी म्हणतात. ही माझी आजीच. त्याला खरंच वाटेना. म्हणाला, ती काय गाते ते सांग."

ही पोरगी माझ्या गाण्याला कायम जांभया देणारी! म्हटलं, "गप्प राहिली असशील."

"चार ओळी गायले. त्याने पेन खाली ठेवून ऐकलं. पासपोर्ट ठेवून घेतलाय, महिन्यात कळवणार."

"तुला कुठून आल्या चार ओळी?"

"माझ्या लग्नात दोन दिवस गात होतीस, कान काय काढून ठेवू?"

व्हिसाचं काय ते साहेब जाणे. परतताना चारोटी नाका येईपर्यंत मला दुसराच प्रश्न पडला. तुम्ही हल्ली धवलेरी सोडून भटजी बोलावून लग्नं केलीत. तो काय म्हणाला, त्यातल्या चार ओळी तुम्हाला सांगता येतील? खोटं लिहू नका.