प्रभारी भाऊबीज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाऊजींइतका अमेरिकेत राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि भाऊजींनी अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. हा सगळा मुक्काम त्यांनी गंगापूर रोडवरच्या आपल्या बिल्डिंगमध्येच केला, पाटबंधारे खात्यातली नोकरी सांभाळून आणि रोज संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन जिना चढत. तुमचे बाबा कॉलेजात होते तेव्हा भाऊजींच्या थोरल्या बहिणीने अमेरिकेतून त्यांच्यासाठी तिकडे कायम राहायचा अर्ज केला. भावाबहिणींची रांग फार लांब असते, दहा-बारा वर्षंसुद्धा लागतात, असं तिने फोनवर नीट समजावलं होतं. भाऊजींनी त्यातलं 'अर्ज केला' एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून ते निघायच्या तयारीला लागले.

पहिला घाव बसला तो मिक्सरवर. तिकडची वीज वेगळी, इकडचा मिक्सर तिकडे चालत नाही, मग घ्यायचा कशाला? त्यांच्या बायकोने, तुमच्या वरच्या काकूंनी, वर्षानुवर्षं शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली. "अमेरिका यांची आणि खांदा माझा," असं त्या म्हणायच्या आणि बत्ता असा आपटायच्या की आमच्या छताचा चुना खाली पडायचा. दुसरी तयारी फर्निचरची. निघताना घाई नको म्हणून भाऊजींनी प्रत्येक वस्तू आधीच कुणाकुणाला देऊन टाकली होती आणि तिच्या खालच्या बाजूला खडूने त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. टेबल तळमजल्यावरच्या डॉक्टरांचं, कपाट इस्त्रीवाल्याचं आणि शिसवी झोपाळा आमचा. तुमचे आजोबा वर गेले की भाऊजी झोपाळ्यावरून उठून उभे राहत, "बसा, मालक बसा." आजोबाही तितकेच वाह्यात. कड्या कुरकुरायला लागल्या आहेत, जरा तेल घालत जा, अशी समज ते मालकाच्या आवाजात देत.

तिकडे वाहनं उजवीकडून चालतात हे कळल्यावर भाऊजींनी उजवीकडची सवय करायला घेतली. संध्याकाळी ते गंगापूर रोडवर समोरून येणाऱ्या वाहनांच्या तोंडावर चालत. एकदा दूधवाल्याची सायकल सरळ त्यांच्या पोटात शिरली. तो बिचारा सांडलेल्या दुधाकडे बघत म्हणाला, "ओ काका, एक तर इकडून चाला नाय तर तिकडं तरी जाऊन ऱ्हावा!" भाऊजी कपडे झटकत उठले आणि शांतपणे म्हणाले, "नंबर आला की जाणारच आहे."

थंडीची सवय तर त्यांनी शास्त्रशुद्ध केली. त्यांचा एक मित्र ओझरकडे द्राक्षं पिकवायचा. त्याच्या ओळखीने भाऊजी रविवारी कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बसू लागले, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि सोबत वाचायला पेपर. तिथला पेट्या रचणारा माणूस पहिल्या दिवशी बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सायेब, द्राक्षं बी आम्ही कागदात गुंडाळून ठेवतो. तुम्ही असेच बसले व्हय?" भाऊजींना पुढे आठवडाभर ताप होता. काकूंनी मला जिन्यातच सांगितलं, "बघा वहिनी, अमेरिकेचा ताप इथपर्यंत आला."

आम्ही हसायचो. पण अमेरिकेचं त्यांना फारसं काही नव्हतंच. ते सगळं ताईसाठी होतं. आई लवकर गेली तेव्हा भाऊजी इतके लहान होते की त्यांना आई म्हणून ताईच आठवायची. तिने त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत घातलं आणि मग लग्न होऊन ती इतकी लांब गेली. तिचे यजमान अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते, त्यामुळे तिला येता यायचं नाही. भाऊजींनी एकदा नुसतं भेटायला जायचा व्हिसा मागितला. कायम राहायचा अर्ज आधीच केलेला आहे, म्हणजे हा परत यायचा नाही, असं समजून तो नाकारला गेला. तेव्हा आता रांग हाच एक रस्ता उरला होता.

आणि त्या रांगेची एक अट मीच त्यांना वाचून दाखवली होती. इंग्रजी कागद आला की ते माझ्याकडे घेऊन येत. मुलांना सोबत नेता येतं, पण मूल एकवीस वर्षांच्या आतलं आणि अविवाहित हवं. त्यांची एकुलती एक चिमी तेव्हा फ्रॉकमध्ये जिन्यात सागरगोटे खेळत होती. "हात्तिच्या, मग काय, पुष्कळ वेळ आहे," ते म्हणाले. पण पुढे चिमी दहावीला गेली, बारावीला गेली, आणि भाऊजींनी तिचा वाढदिवस करणंच बंद केलं. त्या दिवशी घरात केक नाही, औक्षण नाही, विषयसुद्धा नाही. "अहो, केक कापला नाही म्हणून पोरीचं वय थांबतं का?" काकू विचारायच्या. भाऊजी म्हणायचे, "उगाच आपण आठवण कशाला करून द्यायची?" कुणाला, ते कधी सांगत नसत. एकविसाव्या वाढदिवसाला मात्र ते स्वतः जाऊन भला मोठा केक घेऊन आले, बिल्डिंगभर वाटला आणि आपला तुकडा तसाच बशीत ठेवून गच्चीवर निघून गेले.

भाऊबीजेला त्यांना मी ओवाळायची. वर्षभर मी 'वहिनी', पण त्या दिवशी पाटावर बसले की म्हणायचे, "चला, प्रभारी ताई." सरकारी माणूस तो. मूळ अधिकारी रजेवर, म्हणून माझ्याकडे तात्पुरता कार्यभार! डोक्यावर काळी टोपी घालून ते मान पुढे करायचे. ओवाळून झालं की काकू कपाटातून ताईसाठी घेतलेली पैठणी काढायच्या. भाऊजींनी ती स्वतः येवल्याला एसटीने जाऊन, मागावर विणताना बघून घेतली होती. ती पोस्टाने पाठवायची नाही, आपल्या हातांनीच द्यायची, हा त्यांचा हट्ट. एकाच घडीवर राहिली तर रेशीम चिरतं, म्हणून दरवर्षी त्या दिवशी आम्ही दोघी ती उलगडून नव्याने घडी घालायचो. भाऊजी टोपी न काढता समोर बसून राहायचे.

चिमीच्या त्या केकनंतर दोन वर्षांनी नंबर लागला. मुंबईला मुलाखतीचं बोलावणं आलं. बिल्डिंगमध्ये आनंदीआनंद झाला. इस्त्रीवाला तर कपाट न्यायला हातगाडी बघून आला. भाऊजी मात्र दोन दिवस खाली उतरले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोघं आमच्याकडे आले.

"नाही म्हणून कळवायचंय," भाऊजी म्हणाले. "तुमच्या इंग्रजीत लिहून द्या, वहिनी."

"अहो, ताईंना काय वाटेल?" मी विचारलं.

"तिला काल फोन केला. पुष्कळ रडली. मग म्हणाली, मीही हेच केलं असतं."

आजोबा म्हणाले, "चिमीसाठी तिकडे गेल्यावर अर्ज करता येईल की. येईल मागून."

"येईल ना. मी तिकडे बसून अर्ज करीन आणि ती इथं बसून मिक्सर घ्यायचा नाही, झाड लावायचं नाही, लग्न करायचं नाही. हे काम मी केलंय हो, मालक. पोरीच्या गळ्यात नाही घालणार."

मग काकूंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उद्या मिक्सर आणा." तो आला. दुसऱ्या दिवशी दुपारी वरून त्याची घरघर सुरू झाली, तेव्हा मी हातातलं काम सोडून ऐकत बसले.

त्याच वर्षी दिवाळीला मी तुमच्याकडे अमेरिकेत आले. निघताना भाऊजींनी पैठणी माझ्या हातात ठेवली आणि वर काळी टोपी. "भाऊबीजेला ताईकडे जा. टोपीशिवाय ओवाळायचं नसतं. आता तुम्ही प्रभारी भाऊ." तुमच्या बाबांनी मला गाडीने तिच्या घरी नेलं. तुम्ही दोघं मागच्या सीटवर होता आणि आजीने पाटावर बसून टोपी घातल्यावर इतके खिदळलात की बाबांना डोळे वटारावे लागले.

ताई आतून पैठणी नेसून आली. आमच्या वर्षानुवर्षांच्या सगळ्या घड्या तिच्या पदरावर दिसत होत्या. एक रेघही चिरली नव्हती. तिने टोपीच्या कडेखाली मला कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं आणि तबक खाली ठेवून माझ्या गालावरून हात फिरवला. माझ्याकडे नव्हे, माझ्यातून कुठेतरी पलीकडे बघत म्हणाली,

"किती वाळलास रे."

माझ्याकडे कार्यभार होता. मी मान खाली घातली आणि म्हटलं, "नाही गं ताई. जेवतो की नीट."