राखून ठेवलेला फॉर्म

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्राध्यापकांनी पाहणी काढली. भांग, धोतरा, एल.एस.डी. असले भास घडवणारे पदार्थ लोकांना कसे वाटतात, हे घरोघरी विचारायचं होतं. फॉर्म भरायला महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका घेतल्या, त्यांत दाक्षायणीबाई. एल.एस.डी. म्हटलं की लोक विचारत, हे कुठलं खत? भांग म्हटलं की कानांवर हात. शिवरात्रीला आपल्या गल्लीत याच लोकांना पाट्यावर भांग वाटताना बाईंनी लहानपणापासून पाहिलेलं. पण फॉर्म पुढे आला की जो तो सोवळा.

बाईंना लोकमताशी काही देणंघेणं नव्हतं. ही गल्ली त्यांनी एका घरासाठी मागून घेतली होती.

सोळा वर्षांपूर्वी त्यांचं लग्न ठरलं होतं. शिवरात्रीला त्यांचे वडील निंगप्पा आणि शेजारचे ईश्वरप्पा एका तांब्यातली भांग प्यायले, आणि पंधरा दिवसांनी ह्याच ईश्वरप्पांनी नवऱ्याकडच्यांच्या कानात सांगितलं की बाप भांगेडी आहे, त्याची पोरगी करून घेऊ नका. सोयरीक मोडली. ते स्थळ ईश्वरप्पांनी आपल्या पुतणीला मिळवून दिलं. निंगप्पांनी गल्लीत तोंड दाखवणं सोडलं आणि दोन वर्षांत ते गेले. दाक्षायणीला पुढे कुणी विचारलंच नाही. असल्या माणसाला देव बघून घेतो म्हणतात. बाई सोळा वर्षं वाट बघत होत्या. देवाला सवड झाली नाही.

मग जवळच्या वळसंग गावात फॉर्म भरताना बसप्पा भेटले. सगळ्या पाहणीत खरं बोललेला हा एकच म्हातारा.

"घेतो की. दर शिवरात्रीला. महादेवाचा प्रसाद हाय, त्यात लपवायचं काय?" आणि बोलता बोलता म्हणाले, "रविवारी सोलापूरला यायलोय. नातवासाठी ईश्वरप्पांची पोरगी बघायची हाय."

बाईंचं पेन थांबलं. ईश्वरप्पांच्या घरचा फॉर्म त्यांनी रविवारसाठी राखून ठेवला.

रविवारी त्या गेल्या तेव्हा पाहुणे चहा पीत होते, नातूही आला होता. बसप्पांनी ओळखीची मान हलवली.

"काका, कॉलेजची पाहणी आहे. मागाहून येऊ का?" बाईंनी मुद्दाम विचारलं. चारचौघांत कॉलेजनं आपलं मत मागावं, अशी संधी हा माणूस सोडणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"बस की पोरी. पाव्हण्यांपुढं काय लपवायचंय? विचार."

बाईंनी छापील प्रश्न जसेच्या तसे वाचले. "तुम्ही कधी भांग घेतली आहे का?"

ईश्वरप्पांनी निंगप्पांच्या लेकीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. "शिव शिव. हात न्हाय लावला कदी."

"घेणाऱ्यांविषयी तुमचं मत?"

"वाया गेलेली माणसं. दारात उभं करत न्हाय मी."

बाई लिहीत होत्या. "अशा घरात तुम्ही मुलगी द्याल का?"

"हिरीत ढकलंन, पण देणार न्हाय."

लिहिलेलं वाचून दाखवायचा नियम होता. बाईंनी तो आनंदाने पाळला. शब्द न शब्द, मोठ्याने. "बरोबर आहे ना, काका?"

"बरोबर हाय."

बसप्पांनी कपबशी खाली ठेवली आणि पटका सारखा करून उठले. "मग आमी निघतो. आमच्यात तीन पिढ्या शिवरात्रीला भांग घेतेत. ठावं असतं तर तुमच्या दारात उभंच ऱ्हायलो नसतो."

ईश्वरप्पा अनवाणी त्यांच्यामागे धावले. "तसं न्हवं ओ, ते आपलं फॉर्मापुरतं बोललो की." पाहुणे गल्लीचं टोक ओलांडून गेले. बाई जागच्या हलल्या नाहीत. डोळे भरून बघत राहिल्या. वडिलांनी हे बघायला हवं होतं, असं त्यांना फार वाटलं.

फॉर्म पिशवीत घालून त्या निघाल्या तर दारात ईश्वरप्पांची पोरगी महादेवी उभी. अंगावर नवी इरकल साडी. चौथीला ती बाईंच्याच वर्गात होती.

"बाई, आज पाव्हणे येणार, हे तुमाला ठावं होतं?"

महिनाभर बाई लोकांना प्रश्न विचारत होत्या. त्यांना स्वतःविषयी उलटा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता.

"होतं," त्या म्हणाल्या.

महादेवी रडली नाही. "मला पसंत होता तो," एवढंच म्हणाली आणि केसांतला गजरा सोडवायला लागली. त्याची गाठ सुटेना. बाईंना ते बघवेना, आणि पायही उचलेना.